पेन्सिलीखालचा तीळ

गल्लीत त्याला खोडरबर म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, आणि ते चुकीचंही होतं. त्यानं आयुष्यात काही खोडलं नाही. तो भरत असे.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. केस पांढरे, दात काळे. गालावरचा काळा तीळ म्हणजे तिथं एक उघडा ठिपका, टाचणीनं पाडलेल्या भोकासारखा. छापताना त्यातून उजेड सांडतो आणि कागदावर तीळ उमटतो. तीळ नको असेल तर ते भोक बुजवायचं. त्यासाठी त्याच्याकडे तिरपी काच होती, खालून उजेड येणारी. काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग, आणि कठीण शिशाची पेन्सिल, जिचं टोक तो पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं लांब करी. मग स्वल्पविरामाएवढ्या रेघा, एकीला एक चिकटून. मुरमं जायची, व्रण जायचे, डोळ्यांखालची काळजी जायची. लोक येऊन म्हणत, "जरा माणसात आणा हो याला," आणि तो आणायचा. स्टुडिओ त्याचा स्वतःचा होता. पुढं दुकान, मागं डार्करूम, वर राहायच्या दोन खोल्या.

त्याच्याकडे पातीही होती. निगेटिव्हवरचा थर खरवडायला काही लोक ती वापरतात. चेहऱ्यावर पाती चालवायची नाही, हा त्याचा एकमेव धर्म. पेन्सिलीनं भरलेलं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येतं; खालचा चेहरा जसाच्या तसा परत मिळतो. खरवडलेलं गेलं ते गेलं.

बायकोच्या हनुवटीवर तीळ होता. लग्नानंतर त्यानं तिचा पहिला फोटो काढला तेव्हा न विचारताच तो भरून टाकला. सवयीनं. तिनं फोटो हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि म्हणाली, "ही कोण?" त्याला ते कौतुक वाटलं. पुढं तिचे जितके फोटो काढले तितक्यांत त्यानं तो तीळ भरला.

ती गेल्यानंतर एकदा तिचा चेहरा आठवताना त्याच्या लक्षात आलं, की तीळ डावीकडे होता की उजवीकडे हे आपल्याला सांगता येत नाही. जन्मभर त्यानं तिला दोन्हीकडून पाहिलं होतं, समोर बसलेली आणि काचेवर पालथी घातलेली, डाव्याचं उजवं झालेली. आता ती त्याला दिसायची तेव्हा तीळ जागा बदलायचा. जिना चढताना मागून पावलं यायची, वळून पाहिलं तर कुणी नसायचं. पण त्या नसलेल्या चेहऱ्यावर तीळ कधी या बाजूला असे, कधी त्या. आणि वास यायचा. व्हिनेगरचा.

डार्करूमला तो वास असतोच. डेव्हलपरमध्ये चित्र उमटू लागलं की कुठंतरी त्याला थांबवावं लागतं, नाहीतर सगळा कागद काळाठिक्कर होतो. त्यासाठी दुसऱ्या ट्रेमध्ये ॲसिड घातलेलं पाणी असतं. धंद्यात त्याला नुसतं 'स्टॉप' म्हणतात. व्हिनेगर म्हणजे तेच ॲसिड, भरपूर पाणी घातलेलं. एके काळी त्याच्या हातांना, सदऱ्याला, उशीच्या अभ्र्याला तो वास होता. पण आता डार्करूम बंद पडून वर्षं लोटली होती. फोटो कॉम्प्युटरवर निघत, मुरमं माउसनं जात. ट्रे पालथे पडले होते. तरी वास यायचा, जिन्यात, भर दुपारी.

एकदा तो वास तिनंच बाहेरून घरी आणला होता.

तिला मध्येच रक्त जायला लागलं म्हणून ती इस्पितळात गेली होती. परत आली ती हसतच. "अहो, गंमत ऐका. टेबलावर झोपवलं, पडदा ओढला, आणि तुमच्या खोलीचा वास! मी डोळे मिटून घेतलेले. म्हटलं, हे इथं कुठून शिरले?"

"केलं काय पण?"

"गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगर लावून बघतात म्हणे. पांढरं झालं तर पुढं तपासायचं."

"मग?"

"झालं पांढरं," ती म्हणाली आणि चप्पल काढायला वाकली.

मग तुकडा काढला. तो तपासणीला पाठवला, आणि जे निघालं त्याचं नाव त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारलं नाही. त्याच्या मनानं घेतलं, की तुकडा काढला तिथूनच ते सुटलं. बंद डबी होती, ती उघडली. डॉक्टरांनी समजावलं, की ते आधीपासूनच होतं, उशीर आधीच झाला होता. त्याला समजलं. पटलं नाही.

इस्पितळाच्या लांब बोळात एक तक्ता लावलेला होता. वरच्या कोपऱ्यात पुरुषाची आकृती, खालच्या कोपऱ्यात बाईची, मध्ये बाण. बाजूच्या एका चौकटीत गुप्तांगावरच्या चामखिळांचं चित्र, दुसऱ्या चौकटीत बायकोच्या दुखण्याचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की दोन्हींचे विषाणू एकाच घराण्यातले. बायको आत असताना तो रोज त्या तक्त्यासमोरच्या बाकावर बसे. जन्मभर चित्रं वाचलेला माणूस. अक्षरांच्या आधी त्याला बाण दिसला. बाण एकाच दिशेनं काढलेला होता.

ती गेली. माणसं येऊन गेली. त्यानंतरच्या एका दुपारी तो डार्करूममध्ये शिरला, कडी लावली, टेबलावरचा दिवा बाजूनं खाली ओढला, डोळ्याला भिंग चढवलं आणि आपलं गुप्तांग तपासलं. असं त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? टोकाच्या कडेला दाणे होते, फिकट, ओळीनं. भिंगाखाली एकेकाची सावली पडलेली, एखादी डोंगरांची रांग असावी तशी.

मग त्याला ती आठवली, टेबलावर डोळे मिटून पडलेली. फळीवर स्टॉपची बाटली होती. ट्रेमध्ये घालताना घालायचा तसंच अंदाजानं त्यात पाणी घातलं, कापसाचा बोळा भिजवला आणि दाबून धरला. भाजलं. बोळा काढून पाहिलं तर सगळं पांढरं.

झालं पांढरं.

त्यानं दिवा मालवला. अंधारात कुणीतरी चप्पल काढल्यासारखं ऐकू आलं.

पुढं तो पुन्हा पुन्हा तपासत राहिला. दर वेळी पांढरं. आपल्या अंगावर चामखीळ आहेत, तेच तिला गेले, आणि त्यांनीच तिला नेलं, अशी त्याची खात्री झाली. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरला तर नाहीच, कारण डॉक्टर तुकडा काढतील. एक डबी उघडली तेवढी पुरे.

तेव्हापासून तो जपून वागू लागला. त्याचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी वेगळा. गिऱ्हाइकाला फोटोचं पाकीट हातात देत नसे, काउंटरवर ठेवी. लहान मुलांची हनुवटी धरून "इकडं बघ, राजा" म्हणायची त्याची पद्धत होती, ती सुटली. आता तो दुरूनच सांगे आणि मुलं भलतीकडंच बघत. लोक म्हणाले, बायको गेली आणि खोडरबर झिजला.

समोर बटणांचं दुकान होतं, हातरुमालाएवढं. भिंतभर खोके, प्रत्येक खोक्यावर आतलं एक बटण शिवलेलं. बटणवालीचा नवरा फार वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. कुठं, असं कुणी विचारलंच तर ती म्हणे, "काज ढिलं झालं की बटण निसटतं. शोधत कोण बसतं?" पुढं तो परगावी वारल्याचं कळलं. एक दिवस तिनं दुकान बंद ठेवलं, तेवढंच. खोडरबरच्या बायकोशी तिचं गूळपीठ होतं. दुपारच्या वेळी दोघी दुकानाच्या पायरीवर बसून बोलत, आणि तो स्टुडिओच्या दारात आला की बोलणं थांबे. बायका नवऱ्यांबद्दल बोलत असल्या की असंच थांबतात, असं त्याला वाटे, आणि तो आत जाई.

बायकोच्या आजारपणात बटणवालीनं तिची वेणी घातली. वेणी घालण्याजोगे केस राहिले नाहीत तेव्हा डोक्यावरून नुसता हात फिरवला. नंतर ती त्याच्यासाठी दुपारचा डबा आणू लागली. डबा हातात द्यायला गेली की तो हात मागं घेई.

"मला काय काटे आलेत?" एकदा तिनं विचारलं.

"तसं नाही."

"मग कसं?"

त्यानं डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, जणू उत्तर तिथं होतं.

यंदा तिच्या दुकानाचा भाडेकरार संपत आला. एका दुपारी ती स्टुडिओत आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली.

"भाऊ बोलावतोय. कायमचं. महिनाअखेर जागा सोडायची आहे."

"हं."

"हं काय? तिकडं भावजयीच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून मरायचं, की तुमच्या वरच्या खोलीत येऊन रोज तुमच्याशी भांडायचं, एवढं मला ठरवायचंय. लग्न करायचं म्हणाल तर करू. नको म्हणाल तर गल्ली बोलेल. तिला तरी दुसरं काम काय?"

तो भिंग पुसत राहिला. "तुम्ही तिला वहिनी म्हणायचात," शेवटी म्हणाला.

"दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी दादा म्हणते. ते सगळे खरेच माझे भाऊ असते तर आमच्या आईचं काय झालं असतं?"

तो हसला. किती दिवसांनी हसला ते त्याच्या गालांनाच कळलं. आणि लगेच वास आला.

"विचार करतो."

"करा. बटण लावायला विचार लागत नाही, हात लागतो. पण करा."

ती रस्ता ओलांडून गेली. त्याला हो म्हणायचं होतं. ते अगदी स्पष्ट होतं. पण एकीला आपण मारलं. दुसरीला वर बोलवायचं कुठल्या तोंडानं?

त्याच आठवड्यात चौकातल्या दवाखान्यातली कातडीची डॉक्टर ओळखपत्राच्या फोटोसाठी आली. तरुण, घाईतली. फोटो छापून होईपर्यंत ती भिंतीकडच्या तिरप्या काचेपाशी गेली आणि भिंग उचलून डोळ्याला लावलं.

"काका, यानं काय करायचात?"

त्यानं सांगितलं.

"म्हणजे आपला धंदा एकच. मीही दिवसभर लोकांच्या अंगावरचे ठिपके बघते. तुम्ही भरता, मी नुसती बघते."

"नुसतं बघून कळतं?"

"पुष्कळदा कळतं. पूर्वी शंका आली की तुकडा काढून प्रयोगशाळेत धाडायचे. अजूनही लागला तर काढतो. पण आता दिवा बसवलेलं भिंग मिळतं. ते टेकवलं की बरंच काही न कापता कळतं."

छापखान्यातून यावा तसा फोटो यंत्रातून हळूहळू बाहेर येत होता. त्याच्याकडे बघत त्यानं विचारलं, "कुठल्याही जागेचं?"

"कुठल्याही." तीही फोटोकडेच बघत राहिली. "चेहऱ्यावर काही उठलं की लोक धावत येतात. खालच्या जागेचं दाखवायला वर्षं लावतात. कातडी तीच असते, काका."

ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, तिच्या कपाळावरचा व्रण फोटोत तसाच राहून गेला होता. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

दवाखान्याची खोली फिक्या हिरव्या पडद्यानं अर्धी केलेली होती. खिडकीच्या काचांना कागद चिकटवलेला. हात धुवायच्या भांड्यात नळ ठिबकत होता. आत आल्यापासून तो वास हुंगत होता. इथं नुसता फिनेलचा वास होता.

"कापायचं नाही," तो दारातूनच म्हणाला.

"तुम्हाला विचारल्याशिवाय काहीही करणार नाही. झोपा."

नियम म्हणून एक कंपाउंडर पडद्याच्या कडेला पाठ करून उभा राहिला. डॉक्टरनं हातमोजे चढवले.

"हे कधीपासून आहे?"

"बायको गेल्यापासून."

"त्याआधी नव्हतं?"

"त्याआधी पाहिलं नाही."

गार जेल लागलं. मग भिंग टेकलं, इतकं हलकं की टेकलं की नाही ते कळू नये. भिंगाची वायर टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडलेली होती. "बघायचंय?" डॉक्टरनं विचारलं. त्यानं मान वळवली.

आयुष्यभर त्यानं कातडी ठिपक्याठिपक्यानं पाहिली होती, पण अशी नाही. चमक नव्हती. डोंगरांची रांग नव्हती. गुलाबी, ओलसर, सपाट उजेडात बसलेले लहान लहान मणी.

"सावली कुठं गेली?" तो म्हणाला.

डॉक्टरला हसू आलं. "हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दिवे चारी बाजूंनी आहेत. आणि आत चमक घालवणारी काच आहे."

तशी काच त्याच्याकडेही होती. फ्रेममधल्या जुन्या फोटोची नक्कल काढताना तो ती कॅमेऱ्याला लावायचा. आणि एकच दिवा बाजूनं मारला तर तान्ह्या मुलाचा गालसुद्धा खडबडीत दिसतो, हे तर त्याच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. त्या दुपारी डार्करूममध्ये दिवा त्यानंच बाजूनं ओढला होता.

"हे दाणे बघा," डॉक्टर म्हणाली. "सगळे सारखे, ओळीनं. प्रत्येक सुटा, बुडाशी एकमेकांत मिसळलेला नाही. प्रत्येकाच्या मध्ये एकच बारीक रक्तवाहिनी. हे चामखीळ नाहीत, काका. हा आजारच नाही. वयात आल्यापासून पुष्कळ पुरुषांना असतात. कुणाकडून येत नाहीत, कुणाला जात नाहीत. वयाबरोबर पुसट होतात, तुमचे झालेतच."

मग तिनं कॉम्प्युटरवर दुसरं एक चित्र आणलं, कुणाचं ते लिहिलेलं नव्हतं. "हे चामखीळ. बुडाशी एक आणि वर बोटांसारखे फुटलेले, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. रक्तवाहिन्या गुंतलेल्या. लहान असतात तेव्हा हेही फसवतात. तुमच्या बाबतीत जरा जरी शंका असती तर मी तुकडा काढू द्या म्हणाले असते. शंका नाही."

"पण पांढरं झालं," तो म्हणाला.

"काय पांढरं झालं?"

त्यानं सांगितलं. बाटली, बोळा, दिवा, सगळं. पडद्याकडेचा कंपाउंडर एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"ॲसिडमध्ये पाणी किती घातलं होतं?"

"अंदाजानं."

"अंदाजानं!" तिनं भिंग खाली ठेवलं. "तुम्ही ते या भिंतीला लावलं असतंत तर भिंतीलाही आजार निघाला असता. सुजलेली, घासलेली, भाजलेली, कुठलीही कातडी त्यानं पांढरी होते. म्हणून नुसत्या पांढऱ्यावर आम्ही कुणाच्या नावावर काही चढवत नाही. आणि तुम्ही तर भाजलेल्यावरच पुन्हा लावत होतात."

"तिलाही व्हिनेगर लावलं होतं. तिचंही पांढरं झालं."

नळ ठिबकत होता. डॉक्टरनं कंपाउंडरला बाहेर जायची खूण केली, याला कपडे नीट करू दिले आणि स्टूल ओढून समोर बसली. "काय झालं होतं त्यांना?"

त्यानं नाव घेतलं. ते तोंडातून आलं तेव्हा साधंच वाटलं, एखाद्या गावाच्या नावासारखं.

"आणि ते तुमच्याकडून गेलं असं तुम्हाला वाटतं."

"बाण होता," तो म्हणाला, आणि तक्त्याचं सांगितलं.

"ऐका. तिथं पांढरं झालं म्हणजे पुढं कुठं तपासायचं तेवढं कळतं. पुढं तपासलं म्हणून आजार सापडला. तुकड्यानं तो दिला नाही. आणि घराणं एक असलं तरी त्यातली भावंडं वेगळी. चामखीळ उठवणारं सहसा एक, ते दुखणं देणारं दुसरं. तुम्हाला खरेच चामखीळ असते तरी त्यावरून काही सिद्ध झालं नसतं."

"म्हणजे माझ्याकडून गेलं नाही."

तिला हो म्हणता आलं असतं. "तसंही मी म्हणू शकत नाही. ते दुसरं भावंड पुरुषाच्या अंगावर बहुधा काहीच दाखवत नाही. येतं, पुष्कळदा आपोआप जातं, माणसाला पत्ताही लागत नाही. भिंगातून आज जे आहे ते दिसतं. तेव्हा काय होतं ते दिसत नाही."

"माझ्याकडून नसेल, तर मग कुणाकडून?"

"तुमचं असेल, त्यांचं असेल, लग्नाआधीचं असेल. हे आता कुणीही सांगू शकत नाही. शोधू नका, काका."

तो उठला. दारापाशी थांबून त्यानं विचारलं, "आणि घरात कुणी राहायला आलं तर?"

"येऊ द्या की," डॉक्टर म्हणाली. "आज जे पाहिलं त्यात अडावं असं काही नाही."

तो रस्त्यानं चालू लागला. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं त्याच्याजवळ एक उत्तर होतं. भयंकर होतं, पण त्या उत्तरात फक्त तो होता आणि ती होती, दार आतून लावलेलं. आता उत्तराच्या जागी टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून उजेड सांडत होता. उजेडात कुणीतरी तिसरं उभं होतं. त्याला चेहरा नव्हता. खोडरबर चालता चालता त्याला एकेक चेहरा लावून पाहत होता: कागद पुरवणारा एजंट, जो काउंटरवर रेलून गप्पा मारत बसे; तिच्या माहेरचा शेजारी; तिला एकदा छत्री देऊन गेलेला कुणी. मध्येच त्याला स्वतःचीही एक गोष्ट आठवली, लग्नाआधीची, एकदाच घडलेली. ती आठवली आणि तो थोडा जोरात चालू लागला, आणि पुन्हा छत्रीवाल्याकडं आला.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याला बटणांच्या दुकानाची पायरी दिसली. तो दारात आला की तिथलं बोलणं थांबत असे.

बटणवालीला माहीत असणार.

दुकान अर्धं रिकामं झालं होतं. खोके काढलेल्या जागी भिंतीवर फिके चौकोन राहिले होते. ती जमिनीवर बसून सुतळीनं खोके बांधत होती. तो पायरीवर बसला, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. तिच्याकडे न बघता सांगितलं, म्हणून सांगता आलं.

"एवढी वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"आणि मी समजत होते, माझ्या हातांना कांद्याचा वास येतो." सुतळीची गाठ करकचून बसली. "स्वतःच तपासलं, स्वतःच निकाल दिला, स्वतःच शिक्षा भोगली. अहो, कोर्टात निदान चहा तरी मिळतो."

त्याला हसू आलं नाही. "तुम्हाला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तिच्याबद्दल."

मागं सुतळीचा आवाज थांबला.

त्यानं वळून पाहिलं. बटणवालीच्या हातात एक सुटं बटण होतं, खोक्यातून सांडलेलं, ते दोन बोटांत तसंच राहिलं होतं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. पायरीवरचं बोलणं थांबायचं तसंच हे थांबणं होतं. सांगण्यासारखं काही आहे म्हणून ती थांबली असेल. किंवा हा माणूस आता काय विचारणार या धास्तीनं थांबली असेल. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. ती खोटं बोलत नसे.

"तिचा तीळ कुठल्या बाजूला होता?" त्यानं विचारलं.

बटण खोक्यात पडलं. "अगं बाई," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं. "एवढंच? डावीकडे. केस यायचा त्यातून. माझ्या या आरशात बघून उपटायची आणि म्हणायची, यांना सांगू नकोस गं, पेन्सिल घेऊन मागं लागतील."

"मला उजवीकडे वाटतो."

"आरशात डावीकडे दिसायचा, मी शेजारी उभी असायची." ती आरशापाशी गेली, स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं, मग दुसऱ्या बाजूला लावलं. "थांबा. म्हणजे तिच्या डावीकडे की माझ्या? तुम्ही माझाही घोटाळा करून टाकलात."

"निगेटिव्ह आहे," तो म्हणाला.

लग्नानंतरच्या त्या पहिल्या फोटोची. पुसून पाहिली असती तर बाजू केव्हाच कळली असती. त्यानं हात लावला नव्हता. आपण जिला मारलं तिला पुन्हा समोर बसवायचं धाडस त्याला होत नव्हतं.

दोघं रस्ता ओलांडून स्टुडिओत गेले. त्यानं तिरप्या काचेखालचा दिवा लावला, पाकिटातून निगेटिव्ह काढून काचेवर ठेवली, कापसाचा बोळा टर्पेंटाइननं ओला केला. डार्करूमच्या दारापर्यंत तो नवा, उग्र वास पसरला.

"खोके इकडंच आणा," हनुवटीवर बोळा टेकवत तो म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत कशाला थांबता?"

"कामाकडं बघा," बटणवाली म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वरची खिडकी उघडते का?"

"जाम आहे."

"मग आधी खिडकी."

बोळ्याला शिशाची राखाडी लागली. त्यानं बोळा उचलला. उघडा ठिपका होता, टाचणीएवढा, आणि त्यातून उजेड येत होता. पालथ्याचं सुलट केलं तर तिच्या डाव्या बाजूला. समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या. आरशातलं डावं आणि समोरचं उजवं एकच होतं. दोघंही बरोबर होती.

"बघू," बटणवाली म्हणाली आणि हात पुढं केला. त्यानं भिंग डोळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं. काउंटरवर ठेवलं नाही. तिची बोटं गार होती.

ती वाकली. तोही शेजारून वाकून नुसत्या डोळ्यांनी पाहत होता. तीळ आला तसा चेहरा बदलला होता, कुणाचा तरी झाला होता. आणि तेव्हा त्याला दिसलं, की ती कॅमेऱ्याकडं बघतच नाही. बुबुळांच्या जागचे ते दोन पांढरे ठिपके जरासे बाजूला सरकलेले होते, दाराच्या दिशेला. इतक्या वेळा हे चित्र छापलं, पण त्यानं कायम हनुवटीकडं पाहिलं होतं.

"कुणाकडं बघतेय?" तो म्हणाला. म्हणून गेल्यावर त्याला कळलं, आपण हे मोठ्यानं विचारलं.

बटणवालीनं भिंग काढलं नाही. बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"माझ्याकडं," ती म्हणाली. "मी दारात उभी होते त्या दिवशी."

तो फोटो काढला तेव्हा समोर बटणांचं दुकान मुळात सुरू झालं होतं की नव्हतं, हे थोडं डोकं खाजवलं असतं तर त्याला आठवलं असतं. त्यानं आठवलं नाही. काचेखालचा दिवा तसाच राहू दिला आणि खिडकी बघायला वर गेला.